विश्लेषण : मदरबोर्ड जळाला, मग विंडोज कुणाची?

जुन्या संगणकाबरोबर पैसे मोजून घेतलेली ऑपरेटिंग सिस्टीम नव्या संगणकावर नेता येते का? याचे उत्तर खरेदीच्या बिलावर असायला हवे. नेमके तिथेच ते नसते.

कोकणात संगणक मरतो तो बहुधा पावसाच्या तोंडावर, नाहीतर पाऊस परतताना. विजा कडाडतात, लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि आलेली लाइट कधी कमी दाबाची तर कधी जास्त. मधल्या तीन महिन्यांत हवेतला ओलावा आपले काम गुपचूप करत असतो. सरसगडाच्या पायथ्याशी, अंबा नदीच्या अंगणात वसलेल्या पालीत ‘मदरबोर्ड गेला’ हे वाक्य कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. बल्लाळेश्वराच्या गावात लग्नपत्रिका, उत्सवाची पत्रके आणि पावतीपुस्तके छापून देणारा डीटीपीवाला असो, तहसील कार्यालयात लागणारे अर्ज भरून देणारा सेवा केंद्रचालक असो की बारावीच्या मुलासाठी हप्त्यावर संगणक घेतलेले घर असो, सगळ्यांची गोष्ट पुढे एकाच वळणावर येते. नवा बोर्ड बसतो किंवा नवे यंत्रच येते. जुनी हार्ड डिस्क जोडली जाते. फायली जशाच्या तशा सापडतात, जीव भांड्यात पडतो. आणि मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरे उमटतात : विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा.

‘आहो, ती जुन्या मशीनची होती, त्याच्याबरोबर गेली,’ दुरुस्तीवाला सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावते आणि दोनांपैकी एक काहीतरी करते. नवी विंडोज विकत घेते, किंवा ‘टाकून द्या की कुठली तरी’ म्हणते. जुनी खरोखरच गेली का, हे तिसरे कुणी तपासत नाही. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे कित्येकदा खरे असते, कित्येकदा नसते. खरे असते तिथेही ते तसे का असावे, हा प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते.

प्रश्न आत्ताच का आला?

कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही आवृत्ती दहा वर्षे चालली. यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही, पडणारही नव्हते. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली. तिच्यासाठी संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यावर साठवायच्या, किंवा कंपनीच्या बक्षीस योजनेतील हजार गुण द्यायचे, किंवा ३० डॉलर भरायचे. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना मात्र ग्राहक संघटनांच्या दबावानंतर यातील अटी सैल करून मिळाल्या. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

विंडोज ११ ला चालणारे यंत्र साधारणतः २०१७-१८ नंतरच्या प्रोसेसरचे हवे, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी. म्हणजे त्याआधीचे चांगले चालणारे यंत्रही बाद. गावोगाव एकाच वेळी यंत्रे बदलली जात आहेत, आणि जितकी यंत्रे बदलतात तितक्यांदा हाच प्रश्न उभा राहतो : जुन्या यंत्राच्या किमतीत विंडोजचे पैसे होते, त्या पैशांचे काय झाले?

परवाना चिकटतो कशाला?

माणसाला नाही. बहुतेक वेळा मदरबोर्डाला. सगळी मेख इथे आहे.

विंडोजचा परवाना ढोबळमानाने तीन वाटांनी आपल्यापर्यंत येतो. पहिली वाट ओईएमची, म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने आधीच भरून दिलेली प्रत. दुकानातून आणलेल्या बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपवर हीच असते. विंडोज ८ पासून तिची किल्ली मदरबोर्डावरच्या चिपमध्येच लिहून येते, म्हणून मागे असायचे तसे पंचवीस अक्षरांचे स्टिकर आता यंत्राच्या पोटावर दिसत नाही. परवान्याच्या अटींत स्पष्ट म्हटले आहे की ही प्रत दुसऱ्याला द्यायची तर यंत्रासकट द्या. यंत्र विका, वारशाने द्या, दान करा. परवाना त्याच्याबरोबर जाईल. यंत्र भंगारात गेले की तोही भंगारात.

दुसरी वाट रिटेलची. स्वतंत्रपणे, खोक्यात किंवा ऑनलाइन, विंडोज म्हणूनच विकत घेतलेली प्रत. ती आपल्याच दुसऱ्या यंत्रावर नेता येते. एका वेळी एकाच यंत्रावर ती चालली पाहिजे, इतकीच अट. जुन्यावरून काढायची, नव्यावर टाकायची. विंडोज १० ची रिटेल किल्ली विंडोज ११ लाही चालते, फक्त होमला होम आणि प्रोला प्रो अशी जोडी जमली पाहिजे. तिसरी वाट व्हॉल्यूमची : कंपन्या, बँका, महाविद्यालये घाऊक घेतात ती. ती संस्थेची असते, संगणक वापरणाऱ्याची नसते.

ओईएमच्या नियमात एक खिडकी आहे आणि कोकणातल्या माणसाने ती पाठच करून ठेवावी. मदरबोर्ड दोषामुळे निकामी झाला आणि त्याच्या जागी त्याच बनावटीचा, त्याच मॉडेलचा किंवा निर्मात्याने त्याला समकक्ष मानलेला बोर्ड बसवला, तर नवा परवाना घ्यावा लागत नाही. ती दुरुस्ती समजली जाते. पण बोर्ड हौसेने बदलला, किंवा मिळाला तो दुसऱ्याच जातीचा बसवला, तर कंपनीच्या लेखी तो नवा संगणक जन्माला आला. रॅम बदला, हार्ड डिस्क बदला, पडदा बदला, कुणी काही म्हणत नाही. बोर्ड बदलला की जन्मदाखलाच बदलतो.

आता ही खिडकी पालीतून कशी दिसते ते पाहा. यंत्र वॉरंटीत असेल तर ठीक. कंपनीचा माणूस येतो, तोच बोर्ड लावतो, किल्लीही त्यात असते. सात-आठ वर्षांच्या यंत्राला मात्र तोच बोर्ड मिळणार कुठून? दुरुस्तीवाला मुंबईला लॅमिंग्टन रोडवर फोन करतो, तिथे जे जुने-वापरलेले मिळेल ते मागवतो. नियमाने दिलेला हक्क बाजारात न मिळणाऱ्या सुट्या भागावर टांगलेला आहे. विजेने जळालेला बोर्ड हा ग्राहकाचा दोष नाही, आणि तोच बोर्ड बनणे बंद झाले हाही त्याचा दोष नाही. तरी भुर्दंड त्याला.

आपला परवाना कोणता, हे कसे कळणार?

यंत्र चालू आहे तोवर कळते. बंद पडल्यावर विचारणे म्हणजे विम्याचा कागद आग लागल्यावर शोधणे.

कीबोर्डवरचे विंडोजच्या चिन्हाचे बटण दाबून धरून ‘आर’ दाबा. छोटी चौकट उघडेल. तीत इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरे जोडून लिहा, एक जागा सोडा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागून डी, एल, आय. एंटर दाबल्यावर दोन-चार सेकंदांत एक खिडकी येते. तिच्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यापैकी एक शब्द सापडतो. मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचे काम आहे.

रिटेल निघाली तर आणखी एक काम आजच करावे. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्यावा. २०१६ पासून ही सोय आहे. उद्या बोर्ड जळाला तर नव्या यंत्रावर त्याच खात्याने शिरून ‘मी अलीकडे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडला की जुन्या यंत्राचे नाव यादीत दिसते. खाते मात्र आपले हवे. ‘सेटअप करून देतो’ म्हणत दुकानदार स्वतःच्याच ईमेलने खाते उघडतो, असेही घडते. मग परवान्याची दोरी कायम त्याच्या हातात.

विंडोज ७ च्या जुन्या खोक्यावाल्यांची अवस्था जरा अवघड आहे. २०१५ ते २०१६ या वर्षात विंडोज ७ आणि ८.१ वरून १० वर फुकट जाता येत होते. अधिकृत मुदत संपल्यावरही जुनी किल्ली चालत राहिली, म्हणून कित्येकांनी ती जपून ठेवली. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केल्याचे जाहीर केले. ज्यांनी तोवर १० वर जाऊन परवाना खात्याशी जोडला, ते तरले. उरलेल्यांच्या हातात पैसे मोजून घेतलेले खोके आणि चकचकीत स्टिकर आहे, पण आजच्या विंडोजचे दार त्याने उघडत नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी मात्र एक बरी बातमी. नवी मुंबईतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप खोपोलीमार्गे इकडच्या गावांत येतात. त्यावर कंपनीची व्हॉल्यूम विंडोज असते, ती पुसली जाते, आणि विकणारा म्हणतो, ‘ओरिजिनल गेली, नवीन घ्यावी लागेल.’ तसे असेलच असे नाही. विंडोजचा व्हॉल्यूम परवाना हा अपग्रेड म्हणून दिला जातो, त्याच्याखाली यंत्राबरोबर आलेला मूळ ओईएम परवाना असतोच, आणि तो यंत्राबरोबर प्रवास करतो. योग्य आवृत्ती ताजी टाकली, तर बोर्डातली किल्ली बहुतेकदा आपोआप ओळखली जाते. नवी विकत घेण्याआधी हे करून पाहायला काय हरकत आहे?

कुलूप खिशात होते ते दिवस

मराठी डीटीपीवाल्यांना परवाना हलवण्याचा प्रश्न विंडोजच्या आधीपासून माहीत आहे, आणि त्यांच्याकडे त्याचे उत्तर होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या पॅकेजांबरोबर एक छोटे कुलूप यायचे, इंग्रजीत डाँगल. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी, नंतरच्या काळात यूएसबीत, ते खोचले की देवनागरी उमटणार. काढले की अक्षरे गायब. या कुलपाला शिव्या न दिलेला ऑपरेटर सापडणार नाही. ते हरवायचे, पायाची पिन वाकायची, झाडताना निखळायचे. चोरीला गेले तर सॉफ्टवेअरच गेले.

पण आज मागे वळून पाहताना वाटते, त्या कुलपाचा एक मोठेपणा होता. ज्याच्या हातात कुलूप, त्याचे सॉफ्टवेअर. संगणक जळाला तर कुलूप काढून दुसऱ्याला लावायचे. कुणाला फोन नाही, परवानगी नाही. परवाना अक्षरशः सदऱ्याच्या खिशात घालून पालीहून रोह्याला नेता येत होता. आजच्या किल्लीला ना वजन, ना पिन. ती हरवत नाही, वाकत नाही, आणि आपल्या हातातही येत नाही.

अर्थात त्या कुलपाचाही काळ संपला, आणि तो ऑपरेटिंग सिस्टीमनेच संपवला. नव्या यंत्रांना प्रिंटरचा तो रुंद पोर्ट नाही. कुलपाचे जुने ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचीच आहे. पेजमेकर ७.० ही त्या पॅकेजाची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड कळत नाही. पण पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, वंशावळी, देवस्थानांचे अहवाल, गावाच्या स्मरणिका त्याच फायलींत आहेत. म्हणून डीटीपीच्या दुकानात एका कोपऱ्यात जुना एक्सपी किंवा विंडोज ७ चा डबा इंटरनेट न जोडता ठेवलेला असतो. बाहेरच्याला तो अडगळ वाटतो. मालकासाठी ती तिजोरी असते. गेल्या वेळचीच पत्रिका घ्यायची आणि तारीख बदलून द्यायची, हा धंद्याचा अर्धा भाग त्या डब्यावर चालतो.

अशा माणसाचा बोर्ड जातो, तेव्हा त्याला नवी विंडोज नको असते. त्याला त्याची जुनीच हवी असते, नव्या यंत्रात. तांत्रिकदृष्ट्या हे जमते : नव्या संगणकात आभासी यंत्र चालवून त्यात जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येते. खुद्द विंडोज ७ प्रोफेशनलमध्ये ‘एक्सपी मोड’ याच कामासाठी होता. अडसर तंत्राचा कमी आणि परवान्याचा जास्त. त्याची एक्सपी किंवा ७ ओईएमची असेल, आणि असेंबल्ड असो वा ब्रँडेड, यंत्राबरोबर आली असेल तर ती बहुधा तशीच असते, तर अटींनुसार ती त्या जळालेल्या बोर्डाबरोबर संपली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला थांबला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला. म्हणजे जी वस्तू कंपनी आता विकत नाही, जिची दुरुस्ती करत नाही, तीच वस्तू एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेण्याची मुभा पूर्वी पैसे भरलेल्याला नाही. यात कंपनीचे नुकसान नेमके कोणते होते, हे मला अजून उमगलेले नाही.

हा नियम कुणी बदलू शकते का?

बदलला गेला आहे. परवान्याच्या अटी म्हणजे काही अंबा नदीचा पूर नव्हे, की आला तर सोसायचा.

२००६ च्या ऑक्टोबरात विंडोज व्हिस्टाच्या अटी जाहीर झाल्या. त्यात दुकानातून घेतलेली रिटेल प्रतसुद्धा फक्त एकदाच दुसऱ्या यंत्रावर नेता येईल असे कलम होते. स्वतःचे संगणक स्वतः जोडणाऱ्या हौशी लोकांनी इतका गदारोळ केला की काही आठवड्यांत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कंपनीने ते कलम बदलले. २०१३ मध्ये ऑफिसच्या बाबतीत तेच झाले : रिटेल प्रत पहिल्या यंत्रालाच जखडली गेली, ओरड झाली, आणि मार्चमध्ये ती दर ९० दिवसांनी हलवण्याची मुभा मिळाली. ओरड करणारे कोण होते? बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले ग्राहक. पाली, महाड, रोह्यातल्या ग्राहकाला कलम होते हेच माहीत नव्हते, आणि तो ज्या ओईएम प्रतीवर जगतो तिच्यासाठी कुणी ओरडले नाही.

युरोपात न्यायालयांनीही हात घातला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच ओईएम प्रतींच्या खटल्यात म्हटले की, कंपनीच्या संमतीने एकदा बाजारात आलेली प्रत पुढे यंत्राशिवाय विकली जाण्याला कॉपीराइटच्या जोरावर अडवता येत नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात तेच तत्त्व डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरलाही लावले : बेमुदत वापराचा परवाना किंमत घेऊन दिला, तर ती विक्रीच आहे, पहिल्या मालकाने आपली प्रत निकामी केली की तो पुढे विकू शकतो.

आपल्याकडे या नेमक्या प्रश्नावर असा निकाल नाही, पण त्याच्या आसपासचे दोन महत्त्वाचे निकाल आहेत आणि दोन्ही करांच्या निमित्ताने आलेले आहेत. ५ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात ठरवले की, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे, म्हणून तिच्यावर विक्रीकर लागतो. २ मार्च २०२१ रोजी इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, परदेशी कंपन्यांना अशा सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे कॉपीराइटच्या वापराची रॉयल्टी नव्हेत. अंतिम वापरकर्त्याला कॉपीराइट मिळत नाही, त्याला मिळते ती प्रत, आणि तो व्यवहार मालाच्या विक्रीसारखा आहे. त्या निकालाने आयकराच्या मोठ्या बोज्यातून परदेशी कंपन्या सुटल्या.

म्हणजे कर घेताना ती वस्तू, कर वाचवताना ती वस्तू. पालीतल्या माणसाने मात्र ‘मग माझी वस्तू मी दुसऱ्या डब्यात ठेवतो’ म्हटले, की ती एकदम वस्तू राहत नाही, परवानगी होते. मला हा दुटप्पीपणा खटकतो. कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवे : ओईएम प्रत यंत्र बनवणाऱ्याला स्वस्तात मिळते, ती स्वस्ताई यंत्राच्या आयुष्याला बांधलेली आहे, आणि ती मोकळी सोडली तर रिटेल कुणी घेणार नाही. सौदा म्हणून हे मान्य करता येईल. पण सौद्यातली अट दोघांनाही ठाऊक असली तरच तो सौदा. इथे एकालाच ठाऊक असते.

माझ्या घरच्या पहिल्या संगणकाचे बिल मी मुद्दाम शोधून काढले. विकणारे दुकान आता नाही, नाव घेण्यात अर्थ नाही. त्यावर लिहिले आहे : ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’. विंडोज होती की नव्हती, असली तर कोणती, कशी, कुणाची, एक अक्षर नाही. मीही विचारले नव्हते. माउसपॅड फुकट मिळाले याचा आनंद मोठा होता.

कायदा काय देतो, काय देत नाही?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांबद्दल माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा. डीटीपीवाला धंदा करतो म्हणून तो ग्राहक नाही, असा समज असतो. तोही बरोबर नाही. स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पालीकराने अलिबागच्या जिल्हा आयोगाकडे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. करारातली अटच अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल तर मात्र जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. एका विंडोजसाठी कोण जाणार? म्हणूनच अशी अट वर्षानुवर्षे टिकते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पाचशे रुपयांत ऑनलाइन किल्ली मिळते. मिळते. ती बऱ्याचदा कुठल्या तरी संस्थेच्या घाऊक परवान्यातली किंवा दुसऱ्याच यंत्राची असते. आज चालते, उद्या बाद होते, आणि विकणारा तोवर नाव बदलून बसलेला असतो. क्रॅक तर याहून वाईट. ती चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, इथेच शंका यायला हवी. ज्या यंत्रावर गावकऱ्यांचे आधार आणि बँक तपशील भरले जातात, त्यावर असे काही चालवणे म्हणजे दुसऱ्यांचा जीव टांगणीला लावणे. शिवाय कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब आहे : चोरीची प्रत माहीत असून वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर न्यायालय सूट देऊ शकते. दुकानदाराला ती पळवाट नाही.

आपल्या बाजूचेही एक कलम त्याच कायद्यात आहे, ते कमी सांगितले जाते. कायदेशीरपणे ताब्यात असलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढणे, हरवणे-बिघडणे यापासून संरक्षण म्हणून, हा गुन्हा नाही. कोपऱ्यातल्या त्या जुन्या डब्याच्या डिस्कची संपूर्ण प्रत आज काढून ठेवावी. परवान्याचा वाद नंतर होईल. फायली वादात जायला नकोत.

लिनक्स हा पर्याय आहेच. नव्या कामाला, अर्ज भरायला, युनिकोडात मराठी लिहायला तो पुरतो, आणि तो कितीही यंत्रांवर न्या, कुणी विचारत नाही. सी-डॅकने बॉस नावाची भारतीय आवृत्तीही केली आहे. पण वीस वर्षांच्या पेजमेकरच्या फायली त्याने सुटत नाहीत, आणि ज्याची रोजी त्या फायलींवर आहे त्याला ‘लिनक्स घ्या’ म्हणणे म्हणजे भाताच्या शेतकऱ्याला लावणीच्या दिवशी द्राक्षबाग सुचवणे.

मागणी फार मोठी नाही. संगणक विकताना बिलावर तीन गोष्टी छापायला लावा : विंडोज आहे की नाही, असल्यास ओईएम की रिटेल, आणि ‘मदरबोर्ड बदलल्यास हा परवाना चालेल किंवा चालणार नाही’ असे मराठीत एक वाक्य. विजेच्या उपकरणांवर ताऱ्यांचे लेबल लावून घेणाऱ्या देशाला हे अशक्य नाही. आणि मायक्रोसॉफ्टकडे एकच : निकामी बोर्डाच्या सवलतीतली ‘तोच किंवा समकक्ष बोर्ड’ ही अट आधार संपलेल्या आवृत्त्यांसाठी काढून टाका. मालक तोच, जुने यंत्र मेलेले, प्रत एकच. युरोपच्या ग्राहकांसाठी मुदतवाढीच्या अटी सैल करता आल्या, व्हिस्टाचे कलम काही आठवड्यांत बदलता आले, तर हेही जमेल.

तोवर पालीतल्या दुरुस्तीवाल्याने ‘जुनी गेली’ म्हटले, तर त्याला एवढेच विचारा : ओईएम होती की रिटेल, तपासलेत का? आणि जळालेला बोर्ड त्याच्याकडेच ठेवून येऊ नका. त्यावरचे मॉडेलचे नाव आणि क्रमांक वाचता येत असतील, तर तसाच बोर्ड शोधण्याचा तोच एक पुरावा आहे.